काळी तीन, काळी पाच, अनंत

ज्या तबकडीविषयी लिहिण्याचे आम्ही योजले आहे ती आमच्या मालकीची नाही. ती प्रत्यक्ष हाती आली तेव्हा तिच्यातील संगीत आम्हांला पाठ होऊन एकवीस वर्षे झाली होती. मॉन्ट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या वाद्यवृंदाची ही पहिली लाँगप्ले. १९९७ साली कॉन्स्टेलेशन या तिथल्याच, नुकत्याच जन्मलेल्या संस्थेने ती काढली, आणि पहिल्या खेपेस तिच्या प्रती निघाल्या सुमारे पाचशे. वेष्टने घरी बसून, हाताने केलेली. मुखपृष्ठावर चिकटवलेले एक कृष्णधवल छायाचित्र. आत एक पाकीट, आणि त्या पाकिटात काही छापील कागदांच्या सोबतीला आगगाडीच्या चाकाखाली चेपून घेतलेले एक सेंटचे नाणे. तबकडीचे नाव इंग्रजी स्वरलिपीतील दोन खुणा आणि गणितातील एक खूण असे आहे : एफ शार्प, ए शार्प, इन्फिनिटी. पहिली बाजू ज्या स्वरात उघडते तो पहिला, दुसरी ज्या स्वरात उघडते तो दुसरा. अनंताचा खुलासा पुढे येईलच. आमच्या मित्राने या नावाचे मराठी भाषांतर केले होते : 'काळी तीन, काळी पाच, अनंत'. ज्यांनी लहानपणी पेटीवर बोटे फिरवली आहेत त्यांना हे भाषांतर किती अचूक आहे ते सांगावयास नको.

या प्रकारच्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये हा शब्द रूढ केला. गिटार, बेस, ड्रम ही रॉकचीच वाद्ये घ्यायची, पण रॉकने त्यांच्याकडून जे करून घेतले ते करावयाचे नाही. ठेका आणि गाणे यांच्यापेक्षा नादाचा पोत आणि त्याचे थर यांवर भिस्त ठेवायची, असा त्याचा साधारण अर्थ. नाव आम्हांला फारसे पसंत नाही. 'नव' किंवा 'उत्तर' लावून केलेली नावे वस्तूपेक्षा तिच्या आधीच्या वस्तूविषयीच अधिक सांगतात, हा अनुभव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. असो. गॉडस्पीडच्या वृंदात तेव्हा व्हायोलिन होते, चेलो होता, ड्रम वाजवणारे दोघे होते, आणि गाणारे कोणीही नव्हते. मंद, जवळजवळ ऐकू न येणारी एक सुरावट दहा-दहा मिनिटे वाढत जाते, तिच्यावर थर चढत जातात, आणि एका क्षणी सगळे कोसळते. त्यांच्या रचनांचा हा घाट आता अनेकांनी गिरवून गुळगुळीत केला आहे. १९९७ मध्ये तो तसा नव्हता.

नाणे आणि आगगाडी यांचा संबंध मात्र आम्हांला मॉन्ट्रियलहून शिकावयाचा नव्हता. आमचे बालपण डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, रुळांपासून शंभरएक पावलांवर गेले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणला पोहोचला, हे आम्हांला पाठ्यपुस्तकाने शिकवले. रुळाला कान लावला की गाडी दिसण्याआधी ऐकू येते, हे मित्राने शिकवले. अॅल्युमिनियमची दहा पैशांची, कडेला नक्षी असलेली नाणी तेव्हा चलनात होती. पाच पैशांचे चौकोनी असे. नाणे घसरू नये म्हणून त्याला थुंकी लावायची, रुळाच्या मधोमध ठेवायचे, आणि मागे सरून दगडांच्या ढिगाआड बसायचे. मग वाट पाहायची. या खेळातला नव्वद टक्के भाग वाट पाहण्याचा होता, हे आज विशेष आठवते. मालगाडी आली तर उत्तम, कारण तिची चाके मोजता मोजता दम लागे. गाडी गेल्यावर नाणे सापडेलच असे नाही. बहुधा ते खडीत कुठेतरी उडालेले असे. सापडलेच तर कोमट लागे. त्यावरचे सिंह, आकडा, साल, सगळे पुसलेले. पापडासारखे पातळ आणि कडेला धारदार. (रुळावर वस्तू ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो असणेच योग्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असल्यास त्यांनी येथे आमचे अनुकरण करू नये.)

मित्राच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा होता. त्याच्या वडिलांना, म्हणजे काकांना, प्रभाकर जोगांच्या 'गाणारे व्हायोलिन'च्या तबकड्यांचे विलक्षण वेड. रविवारी सकाळी त्या घरात मराठी भावगीते व्हायोलिनवर वाजत, आणि काकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना ओठांतल्या ओठांत त्यांचे शब्द म्हणत. जोगांच्या वादनाची सारी किमया तीत होती. सुधीर फडक्यांच्या साथीत वर्षानुवर्षे वाजवलेल्या या वादकाने शब्दांची फेक, त्यांवरचा आघात, ओळ संपताना घेतलेला श्वास, हे सारे गजात उतरवले होते. ऐकणाऱ्याला शब्द आठवावे लागत नसत. ते आपोआप ओठांवर येत. पुढे कॉलेजात असताना मित्र काकांशी यावरून वाद घाली. त्याचे म्हणणे असे की, हे वाद्यसंगीत नव्हेच. हे शब्द लपवून ठेवलेले गाणे आहे. ज्याला ते गीत ठाऊक नाही अशा माणसाला ही तबकडी ऐकवा आणि मग काय उरते ते पाहा. काका म्हणत, "सूर उरतात. तेवढं पुरे नाही का?" मित्राला तेवढे पुरे नव्हते. ज्याच्यात शब्द कधी नव्हतेच असे संगीत त्याला हवे होते, आणि तरीही त्याने काही सांगितले पाहिजे अशी त्याची अट होती. ही अट परस्परविरोधी आहे हे आम्ही त्याला दाखवून देत असू. त्या वयात आम्हांला परस्परविरोध दाखवून देण्याची फार हौस होती.

२००४ साली त्याला हवे ते सापडले. कल्याणच्या एका सायबर कॅफेत रात्री बसून त्याने हा अल्बम उतरवून घेतला (याचेही आम्ही समर्थन करीत नाही), त्याच्या दोन सीडी केल्या आणि एक आम्हांला दिली. हा पाठ मूळ तबकडीचा नव्हता; १९९८ मध्ये शिकागोच्या क्रँकी या संस्थेने काढलेल्या, बऱ्याच वाढवलेल्या सीडीचा होता. नाण्याविषयी मित्राने तेव्हाच कुठेतरी वाचले होते, आणि त्याचा आनंद संगीताच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता. आमच्या सीडीच्या कागदी वेष्टनात त्याने एक दहा पैशांचे नाणे घातले होते. ठाकुर्लीच्या रुळांवरचे, आम्हीच चेपलेले, वीस-बावीस वर्षे त्याने कंपासपेटीत जपून ठेवलेले. "आवृत्ती मर्यादित आहे. एकच प्रत," तो म्हणाला.

तेव्हा जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा म्हणजे आमच्या रोजच्या प्रवासातला एकमेव सांगीतिक प्रसंग. खाडी ओलांडली की गाडी वेग घेई, आणि मग एकाएकी चाकांचा आवाज भिंतींवर आपटून डब्यात शिरे. बोलणारे बोलायचे थांबत, पत्ते खेळणारे हात वर धरून राहत. मिनिटभराने उजेड येई आणि वाक्ये जिथे तुटली होती तिथून पुढे सुरू होत. मित्राने हिशेब मांडला होता : घाटकोपर सुटताना अमुक मिनिटापासून ऐकायला घेतले, तर रचनेतला कोसळण्याचा क्षण नेमका बोगद्यात येतो. हा योग महिन्यातून एखाद्या वेळी जुळे. तो जुळला त्या रात्री मित्र फोन करून एवढेच सांगे, "आज बोगद्यात लागलं." आमच्या पाहण्यातली ही सर्वात संक्षिप्त संगीतसमीक्षा होय. २०२२ मध्ये ठाणे-दिवा मार्गावरच्या नव्या मार्गिका सुरू झाल्या, जलद लोकल मुंब्र्याकडून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला.

मित्राने हा बदल पाहिला नाही. २००८ च्या पावसाळ्यात, कामावरून परतताना, तो डब्याच्या दारातून पडला. कुठे आणि कसा, हे आम्ही येथे लिहीत नाही. या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला ते कल्पिता येईल, आणि इतरांना सांगून काही उपयोग नाही. त्याच्या कानांत तेव्हा काय वाजत होते हा प्रश्न पुष्कळ दिवस आमचा पिच्छा पुरवीत होता. तो प्रश्न वाङ्मयीन होता, हे कळावयास त्याहून अधिक दिवस गेले.

त्यानंतर आम्ही ती सीडी ऐकली नाही असे नाही. संगीत ऐकता येई. नाणे पाहता येईना. चाकाखाली सापडलेली आणि त्यामुळे सुंदर झालेली कोणतीही वस्तू आम्हांला सोसवेना. आणि मग राग आला तो मॉन्ट्रियलच्या त्या मंडळींचा. त्यांच्या माइल एन्ड वस्तीच्या कडेनेही रूळ जातात. त्या रुळांवर त्यांनी नाणी ठेवली, ती पाकिटांत भरली, आणि संग्राहकांच्या हाती एक मोहक वस्तू दिली. आमच्याकडे रूळ म्हणजे काय आहे याचा त्यांना पत्ता तरी असेल काय? ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, परस्परांना ओलांडून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले, माणसे गेली. त्या दिवशी वर्गात आम्ही काय शिकवले ते आठवत नाही. घरी येऊन सीडीच्या वेष्टनातले नाणे काढून कपाटाच्या वरच्या खणात टाकले, एवढे आठवते.

हा राग अन्यायाचा होता हे आम्हांला कळत होते, पण का, ते शब्दांत मांडता येत नव्हते. अखेर मदत झाली ती शिकवण्याच्याच विषयाची. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधला लयविचार दर वर्षी आम्ही वर्गात मांडतो : संवाद, विरोध, समतोल. वास्तविक या तबकडीइतके सोयीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. सुरावटीचा एक थर दुसऱ्यात विरघळतो तो संवाद. ड्रमचा पहिला आघात हा विरोध. आणि कोसळल्यानंतरची एकाकी व्हायोलिन हा समतोल. या हिशेबात नाण्याला जागा नाही. ते ऐकू येत नाही. शुद्ध सौंदर्याच्या दरबारात ते लौकिक, म्हणून दाराबाहेर. पण साहित्याकडे वळताच मर्ढेकरांनाही नादावर थांबता आले नाही. तेथे माध्यम शब्दांचा भावनात्मक अर्थ आहे असे त्यांना म्हणावे लागले. आम्हांला वाटते, नाणे त्या तबकडीत शब्दाचे काम करते. शब्द नसलेल्या या रचनेत अर्थ आत येण्याची जी थोडी दारे आहेत, म्हणजे शीर्षक, छायाचित्र, पाकीट, त्यांपैकी ते एक. आणि शब्दाप्रमाणेच त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या गावावर ठरतो. काकूंच्या ओठांवर जसे भावगीत येई, तसा आमच्या मनात त्या नाण्याला पाहून जो मजकूर येतो तो आमचा आहे. त्याची जबाबदारी वादकांवर टाकता येणार नाही.

(वाचकांना एक शंका येईल, ती रास्त आहे. या तबकडीत शब्द मुळीच नाहीत असे नव्हे. पहिल्या बाजूच्या आरंभी एका पुरुषाचा खर्जातला आवाज उद्ध्वस्त शहराचे वर्णन करतो, गिटारवादकाच्या एका अपुऱ्या पटकथेतला मजकूर. मग तो आवाज थांबतो आणि त्याच्या जागी एका आगगाडीचा आवाज येतो. मित्र म्हणे, शब्द गाडीत बसून गेले.)

दुसरीही एक गोष्ट आम्हांला उशिरा उमगली. मर्यादित आवृत्ती म्हटले की आपल्याला प्रथम किंमत आठवते, मग क्रमांक, मग लिलाव. आमच्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिके निघाली, त्यांच्याही प्रती अशाच मोजक्या, सायक्लोस्टाइल केलेल्या, हातोहात गेलेल्या. आज त्यांचाही बाजार झाला आहे. परंतु पाचशे पाकिटांत पाचशे नाणी घालावयाची असतील तर कोणाला तरी ती रुळांवर ठेवावी लागली असतील. मागे सरून बसावे लागले असेल. गाडी येण्याची वाट पाहावी लागली असेल, आणि ती गेल्यावर खडीत वाकून शोधावे लागले असेल. किती तरी सापडलीही नसतील. हे काम किती वेळखाऊ आणि किती खुळे आहे, याची जाणीव संग्राहकाला असण्याचे कारण नाही. आम्हांला आहे.

मित्राची धाकटी बहीण गेली बारा वर्षे कॅनडात असते. २०२५ च्या दिवाळीत ती डोंबिवलीस आली तेव्हा तिने निरोप पाठवला, "दादा, एकदा घरी ये. एक वस्तू दाखवायची आहे." फडके रोडवरची पहाटेची गर्दी ओसरल्यावर आम्ही गेलो. काका जाऊनही आता बरीच वर्षे झाली. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे. ऐकू थोडे कमी येते, पण ते मान्य नाही. बहिणीने मॉन्ट्रियलच्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानातून भावाची आवडती म्हणून ही लाँगप्ले विकत घेतली होती. प्रत पहिल्या पाचशेतली की पुढच्या एखाद्या छपाईतली, हे तिला ठाऊक नव्हते, आणि आम्हीही खुणा तपासून पाहिल्या नाहीत. पाकीट तिने उघडलेले नव्हते. आत काय आहे ते आम्ही सांगितले नाही. खरे सांगायचे तर सांगण्याचे धैर्य झाले नाही.

काकूंनी ते उघडले. कागद बाजूला ठेवले, आणि नाणे तळहातावर घेऊन चष्मा वर करून पाहिले.

"हे तुम्ही दोघं करायचात ना, पॉवर हाउसपाशी?"

आमची समजूत अशी की हे गुपित पन्नास वर्षे सुरक्षित होते. आम्ही मान डोलावली.

"त्याच्या दप्तरात सापडायची. मी बोलले नाही कधी. यांना कळलं असतं तर मारलं असतं त्यांनी." मग नाणे उलटसुलट करीत, "हे तांब्याचं दिसतंय. कुणाचं आहे?"

तिकडच्या कुणीतरी केलेले, असे आम्ही सांगितले. त्यांच्याकडे आता हे नाणे काढायचेच बंद झाले आहे, २०१२ पासून. "आपलंही कुठे चालतं दहा पैसे," काकू म्हणाल्या. आम्ही खिशातून मित्राने दिलेले नाणे काढले. येताना कपाटाच्या वरच्या खणातून ते का घेतले होते, हे आम्हांला निघताना नीट माहीत नव्हते. काकूंनी दोन्ही नाणी एका तळहातावर ठेवली आणि बोटाने एकमेकांजवळ सरकवली. त्यांतल्या एकावरही आता काही वाचता येत नव्हते.

फिएस्टा चालू स्थितीत होता. बहिणीने कल्याणहून नवी पिन बसवून आणली होती. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. पहिल्या बाजूवर तो पुरुष बोलू लागला तेव्हा काकूंनी "काय म्हणतोय?" असे विचारले, आणि लेकीने "शहराचं काहीतरी" एवढेच सांगितले. गाडीचा आवाज आला तेव्हा कोणी काही बोलले नाही. खिडकीतून खरीखुरी गाडी गेली तीही त्यातच मिसळून गेली. दुसऱ्या बाजूवर ड्रम भरात आले तेव्हा काकू उठून दिवाणखान्याचे दार लावून आल्या, शेजाऱ्यांसाठी. पुन्हा येऊन बसल्या. त्यांचे ओठ हलताहेत का, हे आम्ही चोरून पाहत होतो. हलत नव्हते.

अनंत म्हणतात ते दुसऱ्या बाजूच्या अखेरीस आहे. तबकडीची खाच आत आत जात शेवटी मध्याशी संपते. येथे ती शेवटच्या फेरीला स्वतःलाच मिळालेली आहे. पिन तिथे पोहोचली की बाहेर पडत नाही. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या, म्हणजे फेरीला एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. तेवढाच तंतुवाद्यांचा तुकडा पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा, कोणी हात लावीपर्यंत. मित्राने हे वाचलेले होते, ऐकलेले नव्हते. सीडीवर ते येऊ शकत नाही. आम्हीही प्रथमच ऐकत होतो. बहीण आमच्याकडे पाहत होती. उठून पिन उचलावी असे आम्हां दोघांपैकी कोणालाही वाटले नाही, किंवा वाटले तरी जमले नाही. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. दहा मिनिटे असतील.

"अडकली का रे ती?" काकूंनी विचारले.

"नाही काकू. ती अशीच आहे."

त्यांनी आणखी थोडा वेळ ऐकले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, फिएस्टाजवळ गेल्या आणि काका उचलीत तशी, अंगठा आणि पहिले बोट लावून, पिन अलगद उचलून बाजूला ठेवली. तांब्याचे नाणे पाकिटात घातले. दहा पैशांचे आमच्या हातात दिले.

"ठेव जपून," त्या म्हणाल्या. "आणि बस, जाऊ नकोस. पाणी यायची वेळ झाली, बादल्या लावून आले की फराळाचं देते."